अपडेट येत नाही, की फोन बीटात अडकलाय? डेटा पुसण्याआधी तपासायच्या गोष्टी

"सगळ्यांना आलं, मलाच नाही." मोठ्या अपडेटचा हंगाम आला की हे वाक्य ऐकू यायला लागतं. नातेवाइकांत आणि ऑफिसात असे फोन माझ्या पुढ्यात आणून ठेवायची आता पद्धतच पडली आहे. त्यातल्या बहुतेकांना काहीही झालेलं नसतं. उरलेल्यांना जे झालेलं असतं, ते वाट बघून कंटाळलेल्या मालकानेच केलेलं असतं. म्हणून मी सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने करतो: अपडेट आलं नाही म्हणून तू आत्तापर्यंत काय काय करून बघितलंस?

लक्षणं साधारण अशी असतात:

– सेटिंग्जमध्ये "तुमचा फोन अद्ययावत आहे" असं दिसतं, पण नवी आवृत्ती निघून आठवडा उलटलेला असतो.
– अपडेट दिसतं, डाउनलोड होतं, "इन्स्टॉल करता आलं नाही" म्हणतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.
– बीटा (सगळ्यांना देण्याआधीची चाचणीची आवृत्ती) टाकला होता, स्टेबल (सगळ्यांसाठीची पक्की आवृत्ती) निघालं, पण फोनला काहीच आलं नाही.
– बीटातून नाव काढलं आणि आता फोन म्हणतोय की पुढचं अपडेट घेतलं तर सगळा डेटा जाईल.
– बीटा टाकल्यापासून फोन तापतो, बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही, एखादं ॲप उघडतच नाही.
– फोन लोगोवर अडकतो, बंद होतो, पुन्हा लोगो.

शेवटचं लक्षण तुमचं असेल तर मधलं काही करू नका, थेट शेवटचा भाग वाचा. बाकीच्यांनी क्रमाने जा. क्रम मुद्दाम असा लावला आहे की आधीच्या तपासण्यांना ना पैसे लागतात, ना डेटाला धक्का लागतो.

तुमची पाळी आली आहे का?

अपडेट "निघालं" म्हणजे सगळ्यांना एकाच दिवशी मिळालं असं नसतं. कंपन्या ते टप्प्याटप्प्याने सोडतात. गूगलच्या एका अभियंत्याने २०१३ मध्येच ही पद्धत उघडपणे समजावून सांगितली होती: आधी साधारण १ टक्का फोनांना द्यायचं, एक-दोन दिवस चुका किती कळवल्या जातात ते बघायचं आणि मगच आकडा वाढवत न्यायचा. एवढी सावधगिरी का, ते विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने दाखवून दिलं. ते बाहेर पडलं आणि काही लोकांच्या वैयक्तिक फाइली गायब झाल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते थांबवलं आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पुन्हा सोडलं. २०१४ मध्ये ॲपलचं आयओएस ८.०.१ तर एखाद्या तासातच मागे घ्यावं लागलं, कारण नव्या आयफोनांवर मोबाइल नेटवर्क आणि बोटाचा ठसा दोन्ही बंद पडत होते. त्या दिवशी ज्यांची "पाळी आली नव्हती" ते सुखात होते.

अँड्रॉइडवर साखळी आणखी लांब असते. गूगलनंतर चिप बनवणारे, मग फोन बनवणारे, काही ठिकाणी मोबाइल सेवा देणारी कंपनीही मध्ये येते. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत हार्डवेअरशी बांधलेला भाग वेगळा काढून ही साखळी आखूड करायचा प्रयत्न झाला आणि फरकही पडला, पण उशीर संपला नाही. सॅमसंगच्या वन यूआय ७ चा (तिच्या फोनांवरच्या अँड्रॉइडच्या रूपाचा) बीटा डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि जुन्या फोनांसाठी स्टेबल सुरू व्हायला एप्रिल २०२५ उजाडला. सुरू झाल्यावर तेही मध्येच काही दिवस थांबलं. म्हणजे बातमीत तारीख आली आणि तुमच्या फोनवर काही आलं नाही, यात तुमचा फोन बिघडला असं कुठेच सिद्ध होत नाही.

आता करायचं काय? "फोनविषयी" या पानावर जा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: मॉडेल नंबर पूर्ण, शेवटच्या अक्षरासकट; बिल्ड नंबर, म्हणजे आत्ता फोनवर असलेल्या सॉफ्टवेअरचा नेमका क्रमांक; आणि सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या मॉडेल नंबरने विकला जातो आणि अपडेट येतं ते नंबरला, नावाला नाही. मित्राचा फोन "अगदी सेम" असतो तेव्हा निम्म्या वेळा हे शेवटचं अक्षर वेगळं निघतं. मग कंपनीच्या अधिकृत यादीत आपलं मॉडेल अजून आहे का ते बघा. अपडेटची मुदत संपलेल्या फोनला कितीही थांबलात तरी काही येणार नाही, आणि हे पाच मिनिटांत कळलं तर पुढचे दोन महिने वाचतात.

फोन ऑफिसने दिलेला असेल किंवा त्यात ऑफिसचं प्रोफाइल असेल तर आणखी एक शक्यता आहे. व्यवस्थापकाला अपडेट लांबवता येतं: आयफोनवर ९० दिवसांपर्यंत, अँड्रॉइडवर ३० दिवस, शिवाय ठरावीक काळासाठी पूर्ण बंदीही घालता येते. अशा फोनवर डोकं फोडण्यापेक्षा आयटीवाल्यांना एक ओळ लिहा.

बटण दाबण्याआधीच्या साध्या गोष्टी

"अपडेट तपासा" हे बटण एकदा दाबा. फोन स्वतःहून अधूनमधूनच विचारणा करतो, त्यामुळे हाताने एकदा विचारलेलं बरं. पण दर दहा मिनिटांनी दाबून काही होत नाही. तुमचा गट उघडला नसेल तर सर्व्हर तेच उत्तर पुन्हा देणार.

तरीही नाही, किंवा डाउनलोड मध्येच तुटतंय, तर मी या क्रमाने बघतो. तारीख आणि वेळ आपोआप घेण्यावर आहे ना? हे ऐकून लोक हसतात, पण घड्याळ चुकीचं असेल तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र फोनला मुदतबाह्य वाटतं आणि जोडणीच होत नाही. एका फोनचं वर्ष कुणीतरी गेमसाठी पुढे सरकवलं होतं, आणि मालक तीन आठवडे वायफायला शिव्या देत होता. मग व्हीपीएन, जाहिराती अडवणारं ॲप आणि स्वतः घातलेला प्रायव्हेट डीएनएस (इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणारी सेवा) बंद करून बघा. यातलं कुठलंही अपडेटच्या सर्व्हरचा पत्ता अडवू शकतं. शक्य असेल तर दुसरं वायफाय वापरा. फोन एकदा रीस्टार्ट करा.

जागेचं गणित वेगळं आहे. पडद्यावर अपडेटचा जो आकार दिसतो तो फक्त डाउनलोडचा असतो. ते उलगडायला आणि जुन्या फाइलींशेजारी नव्या ठेवायला जास्त जागा लागते. मी दाखवलेल्या आकाराच्या निदान दुप्पट जागा रिकामी करतो आणि फोन चार्जरला लावतो. डाउनलोड होऊन इन्स्टॉल न होणाऱ्या अपडेट्समध्ये मला हेच कारण सगळ्यात जास्त सापडलंय. आयफोनवर अर्धवट उतरलेलं अपडेट स्टोरेजच्या यादीत वेगळं दिसतं. ते काढून टाका आणि नव्याने डाउनलोड करा. खराब उतरलेली फाइल कितीही वेळा इन्स्टॉल केली तरी खराबच राहते.

एक नुस्खा मात्र कृपया करू नका. "गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्कचा डेटा पुसा, अपडेट लगेच येतं" असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तो डेटा पुसला की फोनची गूगलकडची ओळखच बदलते आणि सर्व्हरच्या दृष्टीने तो जणू नवा फोन होतो. जुन्या ओळखीवर चालणाऱ्या ॲप्सच्या सूचना येणं बंद होऊ शकतं. अपडेट मिळेलच याची खात्री नाही, आणि मेसेज का येत नाहीत या नव्या दुखण्यासाठी पुन्हा माझ्याकडेच यावं लागतं.

बीटात आहात? मग प्रश्नच वेगळा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे असतो, म्हणून इथे जरा थांबू.

"स्टेबल आलंच नाही" म्हणणाऱ्या बीटावाल्यांचा बिल्ड नंबर मी आधी बघतो. शेवटचा बीटा, ज्याला रिलीज कँडिडेट म्हणतात, तो पुष्कळदा जसाच्या तसा स्टेबल म्हणून सोडला जातो. बिल्ड नंबर तोच असेल तर तुमच्याकडे स्टेबल आधीच आहे. फोनला घ्यायला काही उरलेलंच नाही, म्हणून तो गप्प आहे. बाकी सगळे उत्सव साजरा करताहेत आणि आपण तो मागच्याच आठवड्यात उरकला, एवढाच हा प्रकार. आयफोनवर हे वारंवार होतं.

नंबर वेगळा असेल तर बघा की फोन अजून बीटाच्या यादीत आहे का. आयओएस १६.४ पासून सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावरच "बीटा अपडेट्स" अशी ओळ असते. ती बंद केली की पुढचं स्टेबल येईल तेव्हा तेच दिसतं. कधी सुरू केली होती हे विसरलेले लोक मला दरवर्षी भेटतात.

गूगलच्या पिक्सेल फोनांवर एक सापळा आहे. मोठी आवृत्ती स्टेबल झाली की बीटातल्या फोनांना लवकरच पुढच्या तिमाही अपडेटचा बीटा दिला जातो. तो घेतलात की तुम्ही स्टेबलच्या पुढे निघून जाता, आणि मागे यायचं तर डेटा पुसूनच. म्हणजे न पुसता बाहेर पडायची खिडकी स्टेबल आल्यानंतर आणि पुढचा बीटा घेण्याआधी, एवढीच असते. खिडकी चुकली तर तो बीटा जेव्हा स्टेबल होईल तेव्हाच, म्हणजे पुढच्या तिमाहीत, ती पुन्हा उघडते. तेवढं थांबणं हा वाईट पर्याय नाही. पुष्कळदा तोच सगळ्यात स्वस्त असतो.

आता चौथं लक्षण. बीटाच्या पानावरून नाव काढलं की पिक्सेलला साधारण दिवसभरात एक "अपडेट" येतं. ते जुन्या आवृत्तीवर परत नेणारं असतं आणि सगळा डेटा पुसतं. इशारा दिलेला असतो, पण अपडेट म्हटल्यावर बोट आपोआप जातं. माझ्या मावसभावाने तो इशारा वाचला, "ठीक आहे" दाबलं, आणि मग मला फोन केला. फोटो बॅकअपमध्ये होते. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणारं ॲप नव्हतं, आणि ते सगळं परत उभं करायला आमचा एक अख्खा रविवार गेला. त्याच्याकडे मार्ग होता: नाव काढायचं, ते अपडेट घ्यायचंच नाही, आणि खरं स्टेबल येईपर्यंत थांबायचं.

आयफोनवर बीटातून जुन्या आवृत्तीवर परतायचं तर कॉम्प्युटरला जोडून फोन पूर्ण पुसावा लागतो. तिथली मेख अशी की बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर बसेलच असं नाही. म्हणून बीटा टाकण्याआधीचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेऊन आर्काइव्ह करून ठेवायचा, नाहीतर नवा बॅकअप त्याच्यावरच लिहिला जातो. ही सूचना बीटा टाकून झाल्यावर वाचत असाल तर परत जायचा विचार सोडा आणि पुढच्या स्टेबलची वाट बघा.

काही वेळा मागे जाणं शक्यच नसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आलं तेव्हा पिक्सेल ६ मालिकेच्या बूटलोडरमध्ये (फोन चालू होताना प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) उलट जाण्याला कुलूप घातलं गेलं. एकदा १३ टाकलं की १२ वर परतायची वाट बंद. बूटलोडरमधली एखादी धोकादायक त्रुटी बुजवली की जुनं, त्रुटी असलेलं बिल्ड कुणी परत टाकू नये म्हणून कंपन्या असं करतात. दुसऱ्या कुणाचा "मी तर गेलो परत" हा अनुभव वेगळ्या मॉडेलचा किंवा वेगळ्या महिन्याचा असू शकतो.

बॅटरी आणि तापण्याबद्दल थोडक्यात: मोठ्या अपडेटनंतर फोन ॲप्स नव्याने जुळवून घेतो, फोटोंची यादी पुन्हा लावतो, आणि हे काम मागे चालू असतं. रात्री चार्जिंगला लावून तीन दिवस द्या. त्यानंतरही दुखणं राहिलं तर बॅटरीच्या पानावर कोणतं ॲप खातंय ते बघा आणि ते अपडेट करा. बँकेचं एखादं ॲप बीटावर उघडत नसेल तर सेटिंग शोधत बसू नका. अशी काही ॲप्स चाचणीच्या बिल्डवर चालायला सरळ नकार देतात. माझा नियम असा की ज्या फोनवर पैशाचे व्यवहार आहेत, त्यावर बीटा टाकायचाच नाही. जुना फोन कपाटात असेल तर बीटाची जागा तिथे.

वाट बघायचीच आहे तर चूक नीट कळवा. २०१८ च्या त्या विंडोज अपडेटआधी काही चाचणीकारांनी फाइली गेल्याचं खरंच कळवलं होतं, पण त्या नोंदींना फारशी मतं पडली नाहीत आणि त्या गर्दीत बुडाल्या. नंतर मायक्रोसॉफ्टने नोंद करतानाच गांभीर्य सांगायची सोय केली. "बीटा बेकार आहे" या ओळीचा कुणालाच उपयोग नसतो. बिल्ड नंबर, काय करत होतात, दर वेळी होतं की कधीतरी, साधारण किती वाजता झालं आणि पडद्याचं रेकॉर्डिंग, एवढं द्या. एका नोंदीत एकच चूक. आणि नोंद फोन रीसेट करण्याआधी पाठवा, कारण रीसेटबरोबर पुरावाही जातो.

हे करूनही नाही, तर कॉम्प्युटर काढा

इथून पुढे धोका वाढतो. पूर्ण बॅकअप झाल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि बॅकअपमध्ये काय नाही तेही बघा: लॉगिन कोडचं ॲप, चॅटचा स्वतंत्र बॅकअप, फोनमध्येच राहिलेली रेकॉर्डिंग्ज. गूगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना, ते दुसऱ्या फोनवर लॉगिन करून पडताळा. रीसेटनंतर फोन तोच मागतो, आणि आठवला नाही तर चांगला फोन कुलूपबंद पडतो.

केबल डेटाची आहे का बघा. नुसती चार्ज करणारी केबल हे "कॉम्प्युटर फोन ओळखत नाही" या तक्रारीचं सर्वांत फुटकळ आणि सर्वांत नेहमीचं कारण आहे.

आयफोन जोडला की कॉम्प्युटर दोन पर्याय देतो. "अपडेट" डेटा ठेवून प्रणाली नव्याने बसवतं, "रिस्टोर" सगळं पुसतं. आधी अपडेटच. अँड्रॉइडवर, कंपनी स्वतः पूर्ण अपडेटची फाइल देत असेल तर ती रिकव्हरीतून (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या मेनूतून) साइडलोड करता येते, म्हणजे कॉम्प्युटरवरून हाताने बसवता येते. तुमच्याच मॉडेलची आणि आत्ताच्यापेक्षा नवी फाइल असेल तर डेटा राहतो. जुनी असेल तर फोन ती नाकारतो, आणि नाकारली तर जबरदस्ती करू नका. कंपनीच्या पानाबाहेर मिळालेली फाइल टाकू नका, मग ती देणारा कितीही भला वाटो.

काही फोनांच्या रिकव्हरीत कॅश (प्रणालीच्या तात्पुरत्या फाइली) पुसायचा पर्याय असतो. अडखळणाऱ्या फोनवर तो करून बघायला हरकत नाही. पण त्याच्या शेजारच्याच ओळीत सगळा डेटा पुसायचा पर्याय असतो, आणि तिथे बोट नव्हे, आवाजाचं बटण चालतं. घाईत एक ओळ जास्त खाली जाते. दोनदा वाचा.

इथे थांबा आणि फोन अधिकृत सेवा केंद्रात न्या

लोगोवर अडकलेला फोन आधी चार्जरला लावून थोडा वेळ तसाच सोडा. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनांमध्ये प्रणालीच्या दोन जागा असतात. नवी सुरू होत नसेल तर काही प्रयत्नांनंतर फोन स्वतःच जुन्या जागेवरून उठतो. दर मिनिटाला बटण दाबून त्याचे प्रयत्न मोडू नका.

त्यानंतरही उठला नाही आणि बॅकअप नसेल, तर तुमचं काम इथे संपलं. आजच्या फोनांतला डेटा कूटबद्ध असतो. एकदा रीसेट झालं की तो वाचायची किल्लीही जाते आणि मग कुणालाही काही काढता येत नाही. "पाच मिनिटांत फ्लॅश करून (प्रणाली नव्याने भरून) देतो" म्हणणाऱ्याच्या हातात असा फोन देऊ नका. बॅकअप असेल तरीही पुढच्या गोष्टी घरी करायच्या नाहीत: पाठ फुगलेली आहे, चार्जरला न लावता फोन हाताला चटका देतोय, डेटाची केबल बदलूनही कॉम्प्युटरला फोन अजिबात दिसत नाही, किंवा साइडलोड मध्येच तुटल्यापासून पडदा काळा आहे. फुगलेली बॅटरी असेल तर चार्जिंग लगेच बंद करा आणि फोनवर दाब येऊ देऊ नका.

जाताना तो कागद न्या, ज्यावर मॉडेल, बिल्ड नंबर आणि पॅचची तारीख लिहिली होती. बीटा टाकला होता हे लपवू नका, ते त्यांना फोन बघताच कळणार आहे आणि लपवण्यात फक्त वेळ जातो. आत्तापर्यंत काय काय करून बघितलं तेही क्रमाने सांगा. आणि फोन काउंटरवर ठेवण्याआधी जॉबशीटवर "मालकाला विचारल्याशिवाय रीसेट करू नये" ही ओळ त्यांच्याकडून लिहून घ्या.